मोठ्या फोटोचा कॅमेरा

दसरा उलटला, की बाभुळगावच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. बाभळीचा नव्हे, गाड्यांमधला. वावरातून निघालेल्या गाड्या काठाच्या वर हातभर भरलेल्या असतात, रस्त्याकडेच्या फांद्या येता-जाता त्यांना ओरबाडतात आणि पुंजके काट्यांवर राहून जातात. पुढचे चार महिने ते तिथंच लोंबतात. आधी पांढरे, मग पिवळट, मग मातकट. ते पाहून कोणाला भाव आठवतो, कोणाला ठरलेलं लग्न. मला हायपोचा वास येतो, फोटो पक्का करायच्या रसायनाचा, डार्करूमच्या ट्रेमधला, आंबूस आणि थेट नाकात चढणारा. परवाही आला. बसच्या खिडकीशी बसून मी नाकाला पदर लावला, तर शेजारच्या बाईनं विचारलं, "मळमळून राह्यलं का व?" नाही म्हटलं. तिनं तरी पिशवीतून लिंबू काढून माझ्या हातात दिलं. वीसेक वर्षांत जो वास गेला नाही, तो लिंबानं कुठला जायला. पण मी ते यवतमाळ येईपर्यंत हुंगत बसले.

यवतमाळात आमचा स्टुडिओ होता, बाबांचा. मी सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची आणि दुपारी स्टुडिओत येऊन ब्रश धरायची. माझं लग्न जमलं नाही असं आत्या चारचौघांत सांगायची. मी जमवलं नाही, असं मी आत्याला सांगायची. आई गेल्यापासून बाबा फोटोतल्या माणसांशीच जास्त बोलायचे. डेव्हलपरमध्ये हळूहळू उमटणाऱ्या चेहऱ्यालासुद्धा सांगायचे, "मान वर कर बाप्पा."

आमच्या भागात फोटोची मापं दोनच, लहान आणि मोठा. लहान कामापुरता, अर्जाला लावायला, पासबुकावर डकवायला. मोठा म्हणजे चौकटीतला, भिंतीवरचा, हाराचा. तो माणूस गेल्यावरच करायचा. जित्या माणसाचा मोठा फोटो कोणी करत नसे. हौसेनं कोणी करायला आला, तरी बाबा त्याला गोड बोलून पोस्टकार्डाच्या मापावर आणायचे. "मोठ्याले कायची घाई हाय," म्हणायचे.

आणि खेड्यातल्या बहुतेक माणसांचा एकट्याचा असा धड फोटोच नसायचा. घरचे लोक लग्नातल्या घोळक्याचा फोटो आणायचे, त्यात तो मागच्या रांगेत अर्धा झाकलेला. नाहीतर ओळखपत्रावरचा नखाएवढा चेहरा. बाबा तो चेहरा मोठा करायचे, ब्लेडनं कानाच्या कडेकडेनं कापायचे, कड मागून काचकागदानं घासून पातळ करायचे आणि एका तयार फोटोवर चिकटवायचे. त्या तयार फोटोत छातीपर्यंतचं धड होतं, काळा कोट, पांढरा शर्ट, टाय. जोड दिसू नये म्हणून गळ्याशी सावली भरायचं काम माझं. मग त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायचा आणि तो मोठा करायचा. गावोगावच्या भिंतींवरची माणसं वेगवेगळी असली, तरी कोट एकच होता.

गिऱ्हाईकाला बाबा एवढंच विचारत, "कोट चालते न?"

सगळे चालते म्हणायचे. एकदा एक म्हातारा म्हणाला, "पोरानं जिंदगीत कोट घातला नाई. घालू द्या आता." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

त्या वर्षांत मोठ्या फोटोचं काम वाढलं. कापसाचं काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी नव्यानं सांगत नाही. आम्हाला ते स्टुडिओच्या दारातून कळायचं. पूर्वी मोठ्या फोटोला म्हातारे चेहरे यायचे. आता ब्लेडखाली माझ्या वयाचे येऊ लागले, मग माझ्याहून लहान. कोणी गेलं की 'कसे गेले' असं विचारायची आपल्याकडं रीत आहे. त्या वर्षांत ती रीत मोडली. विचारणारा आणि सांगणारा, दोघंही टेबलावरच्या लहान फोटोकडं बघत राहायचे. बाहेरगावचे बातमीदार जीपा घेऊन यायचे आणि बायकांना चौकट हातात धरून दारात उभं करायचे. एकदा शाळेच्या स्टाफरूममध्ये कुठल्याशा इंग्रजी पेपरात असा फोटो पाहिला. बाई ओळखीची नव्हती, गावही नाही. पण तिच्या हातातल्या चौकटीतला कोट मी ओळखला. डाव्या खांद्यावर त्याला एक बारीक चुणी होती, ती मी कितीदा ब्रशनं चुकवून गेले होते. मी पेपर घडी करून खाली ठेवला आणि पुढच्या तासाला मुलांना आंबा काढायला सांगितला.

इंदूबाई आमच्याकडं आली ती अशाच कामाला. बाभुळगावच्या पुढं बेंबळा नदीकाठचं तिचं गाव. नवऱ्याचा फोटो घेऊन गेली, आणि पंधरा दिवसांनी चौकट फडक्यात गुंडाळून परत आली. काच फुटली असेल असं मला वाटलं.

"फोटो चांगला हाय," ती म्हणाली. "पण त्यायचे हात कुठं हायेत?"

बाबा म्हणाले, "बाई, हा फोटो छातीवरीच असते."

"थे समजलं. पण डाव्या हाताचं एक बोट इळ्यानं अर्ध गेलतं त्यायचं. लग्नाच्या आधी. मी थ्याच हातानं वळखत होती त्यायले." तिनं चौकट पुन्हा गुंडाळली. "कुठंच नाई का मंग हात?"

कुठंच नव्हते. आमच्याकडच्या लहान फोटोत हात येतच नाहीत. ती उठली, पाणी प्यायली, आणि जाताना उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "जाऊ द्या ताई. तुमचा काय दोष."

तिचं ते बोलणं मला लागलं. जित्या माणसाचा फोटो काढायचा, सगळ्या माणसाचा, हातांसकट, पायाखालच्या ढेकळांसकट, असं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं. लहान फोटो मोठा केला की डोळ्यांचे ठिपके होतात आणि मी ते ब्रशनं पुन्हा काढायची. किती मेलेल्या माणसांना मी माझ्या मनाचे डोळे दिले असतील, देव जाणे. मला असा कॅमेरा हवा होता, ज्याची निगेटिव्हच फोटोएवढी असते. काही वाढवायचं नाही, काही भरायचं नाही. पण हे सगळं मी लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं, की मला बाबांचा चेहरा हवा होता. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढलेल्या या माणसाचा ओळखपत्रावरचा नखाएवढा सोडला, तर एकही फोटो आमच्या घरात नव्हता. खोकला वाढला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. एकदा इंदूबाईसारखंच मलाही 'कुठंच नाई का मंग' विचारावं लागेल, अशी भीती वाटायची. बाबांना म्हटलं, तर ते म्हणाले, "मोठा फोटो मेल्यावर, बेटा. मले अजून काम हाय."

वणीला एक वझलवार काका होते, खाणीच्या सर्व्हे ऑफिसातून निवृत्त झालेले. खाणीच्या भिंतींचे, थरांचे फोटो काढायला त्यांनी हौसेनं स्वतःचा कॅमेरा बाळगला होता. घडीचा, धातूचा, मिटला की जेवणाच्या डब्याएवढा. मी बघायला गेले. काकांनी तो उघडला तेव्हा भिंगामागं ताणल्या जाणाऱ्या काळ्या भात्याच्या घड्यांतून काळी भुकटी टेबलावर सांडली. "कोळसा आहे," ते म्हणाले. "किती झटकला तरी निघतो थोडा." त्यांचे हात कापत होते, म्हणूनच ते तो देऊन टाकणार होते. "पंधरा दिवस घेऊन जा. वावरात फिरव. कॅमेरा दुकानात आवडून उपयोग नाही, चौथ्या मैलावर आवडायला पाहिजे."

तो घेऊन घरी आले, तर बाबांनी दोन दिवस त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी शिडी लावून स्टुडिओच्या माळ्यावर चढले आणि एक लाकडी पेटी खाली उतरवली. आत सागवानी कॅमेरा होता, पितळी पट्ट्यांचा, उघडला की हातभर लांब होणारा. त्यांचा पहिला मोठा कॅमेरा. मला तो माळ्यावर आहे हे माहीतच नव्हतं. "तुले मोठाच पाह्यजे न," ते म्हणाले, "मंग हा पाह्य."

पंधरा दिवस ते दोन कॅमेरे आमच्या टेबलावर शेजारी-शेजारी उभे होते. दुपारी शाळेतून आले, की मी एकदा याच्या आणि एकदा त्याच्या काळ्या फडक्यात डोकं घालायची. वझलवार काकांचा हलका. त्याला झडप होती, बोट दाबलं की पापणी लवायच्या आत फोटो. पण निगेटिव्ह हाताच्या पंजाएवढी. बाबांचा जड, स्टँडसकट उचलला की खांदा कलायचा. झडप नाहीच, भिंगावरचं झाकण हातानं काढायचं, मोजायचं, पुन्हा लावायचं. त्याच्या मापाची फिल्म मिळेना, तेव्हा बाबांनी सुचवलं, की ब्रोमाइडचा, फोटो छापायचा कागदच आत घालायचा. कागद मंद, ऊन असलं तरी पाच-सहा मोजावे लागणार. पण निगेटिव्ह पाटीएवढी, पहिलीतल्या पोराच्या पाटीएवढी. दोन्हींत पुढची चौकट जरा झुकवली, की पायाजवळचं बोंड आणि वावराच्या टोकावरचं मोहाचं झाड एकाच वेळी रेखीव होतं. दोन्हींत मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. स्टुडिओच्या दारातून रस्त्यावर रोखून बघितलं, तर सायकली छतावरून जायच्या आणि माणसं पाय वर करून भाजी घ्यायची. मला हसू यायचं. फडक्याच्या बाहेर आले, की सगळं सुलट असून उगाच खोटं वाटायचं.

सागवानी कॅमेऱ्याच्या भात्याला भोकं पडली होती. बाबा अंधाऱ्या खोलीत भात्यात टॉर्च ठेवून बसायचे आणि जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं खडूची खूण करायचे. मग काळ्या कापडाची ठिगळं. त्या पेटीतच, तळाशी, वर्तमानपत्रात बांधलेली एक काच सापडली. जुनी काचेची निगेटिव्ह. मी उजेडाशी धरली. खुर्चीवर बसलेला माणूस, कोट, टाय, डाव्या खांद्याला चुणी. कोट तर तोच. पण हा फोटो छातीवर संपत नव्हता. खाली मांडीवर ठेवलेले दोन हात होते, एकावर एक. आणि चेहऱ्याच्या जागी नुसती काच. ब्लेडनं खरवडून काढलेली, अगदी कानापर्यंत, बाबा ब्लेड धरतात तशी काळजीनं.

"हे कोण?"

बाबा ठिगळाला गोंद लावत होते. "मीच आहो थो."

हा कॅमेरा घेतला तेव्हाचा तो पहिला फोटो. कोट स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांसाठी शिवलेला. समोर कोणी बसायला नाही म्हणून तेच बसले, आणि भिंगाचं झाकण आईनं काढलं. तिला मोजायला सांगितलं, तर ती खळ्यात ज्वारी मापतात तसं मोजू लागली, एक न म्हणता 'लाभ', मग दोन, तीन. बाबांना हसू येत होतं आणि हलायचं नव्हतं. पुढं मोठ्या फोटोंसाठी धड हवं होतं, तेव्हा हेच हाताशी होतं. "माणसं आपली वाळलेली," बाबा म्हणाले, "आन मी गालफुग्या. चिटकवलेल्या चेहऱ्याखालून माई हनुवटी डोकावे. मंग खरडून टाकला."

"आईकडं बघतानाचा चेहरा होता तो."

"हो," ते म्हणाले. ठिगळ अंगठ्यानं दाबत म्हणाले, "लोकायले लागत होता न."

मी इतकी चिडले, की ब्रश आपटून घरी गेले. घरी जाऊन रडले. इतकी वर्षं मी ज्या गळ्याशी सावली भरत होते, तो माझ्या बापाचा गळा होता. त्या पेपरातल्या बाईच्या हातात माझा बाप होता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विषय काढला, तर ते हसत म्हणाले, "माया मोठा फोटो झालाच हाय काढून. किती गावात लटकलो मी, तूच मोज."

कॅमेऱ्याचं मी कळवलं होतं, म्हणून इंदूबाईनं सीतादहीला बोलावलं होतं. कापसाचा पहिला वेचा सुरू करण्याआधी बाया वावरात जी पूजा करतात, ती. निरोप बाजाराला आलेल्या तिच्या जावेनं आणला, 'कॅमेरा घेऊन या' असा. निघायच्या सकाळी दोन्ही पेट्या दारात ठेवलेल्या. बसमध्ये एकच नेता येणार होती. बाबा म्हणाले, "हलका ने. वावरात हवा असते, माणूस हालते. हा सहा मोजेवरी कोन बसते?" मी सागवानी उचलला. मला मोठं माप हवं होतं, आणि खरं सांगायचं तर आईनं ज्याचं झाकण काढलं तोच हवा होता. वर बाबांना टोमणाही मारला, "तुम्ही बसला होतात न?" "ठिगळं मी लावली, तं मीच येतो," बाबा म्हणाले, आणि चपला घातल्या.

फाट्यावर बैलबंडी आली होती. कॅमेऱ्याची पेटी बाबांनी मांडीवर धरली. कार्तिकातलं कोवळं ऊन, वावर फुटलेलं. धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या एका पऱ्हाटीला, कापसाच्या झाडाला, हळदकुंकू लावलेलं, पुढं दहीभात. इंदूबाईनं थोडा भात वावरात चहूकडं शिंपला. सहा-सात बाया कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून उभ्या होत्या. मला स्टँड उभारताना पाहून त्यांतली एक जण दुसरीला म्हणाली, हळू बोलली तरी ऐकू आलं, "फोटोवाली बाई हाय व थे. कोन गेलं?"

मी हसून सांगितलं, कोणी गेलं नाही, तुमचाच फोटो काढायचा आहे. कॅमेऱ्याकडं पाहून तिनं विचारलं, "मोठा?" मी हो म्हटलं. बाया मागं सरकल्या. कोणी रागावलं नाही, कोणी वाद घातला नाही. एकीला पाणी आणायचं आठवलं, एकीला लेकरू. त्या वर्षी कोणत्या बाईनं का उभं राहावं मोठ्या फोटोला? मला त्यांचं म्हणणं पटत होतं आणि अपमानही वाटत होता. तेवढ्यात बाबा पुढं झाले. पळसाच्या सावलीत धुऱ्यावरच्या दगडावर बसले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

"पाहा व बायांनो," ते म्हणाले, "मी बसतो. माया मोठा फोटो काढते थे. मले काही होते का पाहून घ्या."

मी फडक्यात शिरले. वर कापूस, खाली आभाळ, आणि बाबा डोकं खाली करून आभाळात. भिंग मागं-पुढं केलं तसे हात रेखीव झाले, मग चेहरा. भुवईतला एक लांब पांढरा केस दिसला, जो मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. इंदूबाईला बघायचं होतं, म्हणून मी फडकं वर केलं. ती आत डोकावली आणि लगेच बाहेर आली. "उलटे दिसून राह्यले व," ती माझ्या कानाशी म्हणाली. "त्यायले सांगू नका." तिला सांगायला हवं होतं, की हा अपशकुन नाही, भिंगामुळं असंच दिसतं. मी मान हलवली फक्त.

दोन्ही बाजूंना कागद भरलेली लाकडी पाटी आत सरकवली, झाकण काढलं. तोंडातून आपोआप आईचं मोजणं आलं. "लाभ..." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. हसू येत होतं आणि हलायचं नव्हतं, ते मला दिसलं. "दोन... तीन..."

धुऱ्याच्या पलीकडून मोटारसायकल बंद झाल्याचा आवाज आला आणि एका माणसानं हाक मारली, "फोटोवाले काका इथं हायेत का? दुकान बंद हाय म्हून इकडं आलो."

बाबांची मान वळली. चाळीस वर्षं स्टुडिओच्या दाराकडं वळत होती तशीच. "हो, आलो," ते म्हणाले.

मला तिथंच झाकण लावता आलं असतं. मी सहापर्यंत मोजत राहिले.

त्या माणसाच्या खिशात एक लहान फोटो होता, भावाचा. तेराव्याच्या आत मोठा हवा होता. बाबांनी फोटो उन्हाकडं धरून पाहिला, "कोट चालते न?" विचारलं, आणि टोपी घालून त्याच्या मागं गाडीवर बसले. मी म्हटलं, "बाबा, आणखी एक. हललात तुम्ही." पाटीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक कागद भरलेला होता. ते म्हणाले, "काढू न मंग. वावर कुठं पळून राह्यलं?" गाडी धुऱ्यावरून हलत-डुलत गेली. बाया वेचायला लागल्या. बोंडाच्या नखीनं चिरलेली बोटं भराभर चालत होती, आणि मी ती नुसती बघत बसले. दुसरा कागद बाबांसाठी राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली कागद धुतला. निगेटिव्हवरून छाप काढला. पळसाची पानं आली, मागची पऱ्हाटी बोंडाबोंडासकट आली, सदऱ्याची शिवण आली. हात असे आले, की हायपोनं पिवळी पडलेली नखंसुद्धा वेगळी कळत होती. आणि मानेच्या वर धुरकट फराटा होता. एक कान तेवढा स्पष्ट. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, हसले, खोकला आला, पुन्हा हसले. "मले चेहरा लागतच नाई, बेटा."

मीही हसले. मी हसले याचं मला अजून वाईट वाटतं. पुन्हा काढू, पुन्हा काढू म्हणत महिने गेले. शाळेच्या सहामाहीचे पेपर तपासायचे होते, बाबांकडं कामाची रांग होती. वझलवार काकांचा कॅमेरा मी वणीला परत करून आले. "चौथ्या मैलावर नाही आवडला का?" काकांनी विचारलं. तो चार मैल मी नेलाच नव्हता, हे त्यांना सांगितलं नाही. फरदड, म्हणजे शेवटचा कापूस, वेचायच्या दिवसांत बाबांना तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी दुपारी ते गेले.

मग गावात बोलणं फिरलं, ते माझ्यापर्यंतही आलं. जित्यापणी मोठा फोटो काढला, दुसरं काय होईल. मी शिकलेली बाई, शाळेत शिकवणारी. असं काही नसतं, हे मला कळतं. पण बाबा त्या दगडावर बसताना 'मले काही होते का पाहून घ्या' म्हणाले होते, आणि सहा-सात बाया खरंच पाहत होत्या, हेही मला आठवतं. आणि हलका कॅमेरा दारात होता. बोट दाबलं असतं, की चेहरा आला असता. लहान का होईना, हसू दाबलेला, माझ्याकडं बघणारा.

नागपूरहून दादा आला. तेराव्याला भिंतीवर मोठा फोटो हवा, असं सगळ्यांचं म्हणणं. दादानं बाबांच्या ओळखपत्रावरचा फोटो काढून टेबलावर ठेवला. "कोट तर त्यांचाच आहे," तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही, रडतच म्हणाला. मी चेहरा मोठा केला. कानाच्या कडेनं कापला, मागून घासला. त्या काचेवरून छाप काढला आणि खरवडलेल्या जागी चेहरा ठेवून पाहिला. इतक्या वर्षांत त्या धडावर पहिल्यांदाच बरोबर माणूस बसला होता. तरी तो बसेना. खाली पंचविशीतले खांदे, वर सत्तरीतला बाप, आणि ओळखपत्रावरच्या फोटोत तो कोणाकडंच बघत नव्हता. मी चेहरा उचलून ठेवला, ब्लेड पुसलं, आणि वावरातला फोटो चौकटीत घातला.

तेराव्याला आलेले लोक त्या फोटोकडं बघून खाली बघत. आत्या म्हणाली, "हा काय फोटो आहे? भावाचं तोंड कुठं आहे?" संध्याकाळच्या आधी इंदूबाई आली. बसनं, एकटी, पिशवीत घरच्या कापसाच्या वाती. बाबांच्या फोटोसमोर ती उभी राहिली. मला वाटलं, हीही आता विचारणार. ती पुढं झाली, चौकटीच्या अगदी जवळ, डोळे बारीक करून तिनं खालचा भाग न्याहाळला. पदरानं काचेवरचा हार जरा बाजूला सारला, कारण तो नेमका गुडघ्यांवर आला होता. खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळली.

"हात तं आले न, ताई," ती म्हणाली.